काटा, पाणी आणि तेल : मॅटाडोरच्या काळातील मिस्त्रीविद्या

महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासात कारखानदारांची चरित्रे आहेत, कामगार-चळवळींचे वृत्तांत आहेत, भागभांडवलाचे आणि परवान्यांचे तपशील आहेत. परंतु कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडलेले वाहन पुढे वीस-पंचवीस वर्षे ज्यांनी रस्त्यावर चालते ठेवले, त्या गॅरेजमधील मिस्त्र्यांच्या विद्येला त्यात क्वचितच एखादे पान मिळाले आहे. ही विद्या म्हणजे केवळ पाने-पक्कड चालविण्याचे कौशल्य नव्हे. रोग कोठे आहे हे इंजिन न उघडता ओळखणे हे तिचे मर्म होते, आणि डिझेल व्हॅनच्या बाबतीत त्या निदानाचे तीन आधार होते : समोरच्या पट्टीवरील काटा, रेडिएटरमधील पाणी आणि चेंबरमधील, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या पात्रातील, तेल.

या विद्येचा उगम आमच्या घाटांत शोधावा लागतो. सर जॉन माल्कम हे मुंबईचे गव्हर्नर असताना, १८३० साली, बोरघाटातून चाकांच्या वाहनांना योग्य असा रस्ता खुला झाला. तो बांधणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बैलगाड्या आणि तोफगाडे होते, मोटारी नव्हत्या. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी त्याच चढावर मोटारी येऊ लागल्या, तेव्हा फोर्डच्या मॉडेल टीसारख्या कित्येक गाड्यांना पाण्याचा पंपच नसे. तापलेले पाणी हलके होऊन वर चढावे आणि रेडिएटरमध्ये निवून जड झालेले पाणी खाली उतरावे, एवढ्या निसर्गनियमावर त्यांचे शीतन अवलंबून होते. सपाटीवर हा नियम इमानाने काम करी. परंतु खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंतच्या दीड हजार फुटांहून अधिक चढाईत, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिन पूर्ण जोराने फिरत असताना आणि समोरून वारा मात्र अत्यल्प मिळत असताना, पाणी उकळल्यावाचून राहत नसे. त्या काळी चालकाला त्याची वर्दी मिळे ती १९१२च्या सुमारास प्रचारात आलेल्या मोटोमीटर नामक उपकरणाकडून. रेडिएटरच्या टोपणावरच बसविलेला हा तापमापक काचेच्या पलीकडून, चालत्या गाडीतून, वाचावा लागे.

काटा टोपणावरून उठून चालकाच्या पुढ्यातील पट्टीवर आला, तेव्हा सोय झाली आणि एक नवी अडचणही उत्पन्न झाली. तेलाचा दाब दाखविणाऱ्या जुन्या मापकाचे तत्त्व फ्रेंच यंत्रज्ञ युजीन बूर्दाँ याने १८४९ साली सिद्ध केले होते : वाकवलेली पोकळ नळी आतील दाबाने सरळ होऊ पाहते आणि तिच्या टोकाला जोडलेला काटा फिरतो. या रचनेत तेल स्वतःच काट्यापर्यंत येई, त्यामुळे घोटाळ्यास जागा थोडी होती. परंतु विद्युत्-मापक आले आणि इंजिनावर बसून ताप वा दाब टिपणारा सेंडर, तेथून निघणारी वायर, विजेचा दाब स्थिर राखणारी डबी व अखेर तो काटा, अशी मध्यस्थांची साखळी उभी राहिली. त्यांपैकी कोणीही बिघडला तरी काटा खोटी जबानी देई. इंजिन आजारी आहे की खबर देणाराच आजारी आहे, हा प्रश्न मिस्त्रीच्या व्यवसायात तेव्हापासून कायमचा दाखल झाला.

हा व्यवसाय महाराष्ट्रात टप्प्याटप्प्याने वाढला. १९२८ साली जनरल मोटर्सने मुंबईत शिवडी येथे गाड्यांची जुळणी सुरू केली. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली बस धावली आणि तिच्या मागोमाग जिल्ह्याजिल्ह्यांतून वर्कशॉपे उभी राहून त्यांतून फिटरांची पिढी तयार होऊ लागली. १९५८ साली नवलमल फिरोदिया यांनी हँबुर्गच्या विडाल अँड सोहन या टेंपो-कारखान्याच्या सहकार्याने बजाज टेंपोची स्थापना केली. तिच्या तीनचाकी हॅन्सीटनंतर आलेली मॅटाडोर व्हॅन आकुर्डीच्या कारखान्यातून निघून महाराष्ट्राच्या बाजारपेठांत, लग्नवऱ्हाडांत, दवाखान्यांच्या दारी आणि शाळांच्या फाटकाशी अशी पोहोचली की तिच्यावाचून तालुक्याच्या गावाचे चित्र पुरे होईना. ऐंशीच्या दशकात डेमलर-बेंझशी झालेल्या सहकार्यातून ओएम ६१६ हे २.४ लिटरचे चार सिलिंडरांचे डिझेल इंजिन कंपनीच्या वाहनांत आले. हे इंजिन दीर्घायुषी होते, आणि नवी गाडी सहजी न मिळण्याच्या त्या काळात मालकालाही ते दीर्घकाळ टिकविण्यावाचून गत्यंतर नव्हते. सुटे भाग दुर्मिळ, कारखान्याची तांत्रिक पुस्तिका गावापर्यंत न पोहोचलेली, आणि गाडी एक दिवस उभी राहिली तर घरातील चूल अडचणीत, अशा परिस्थितीत हेड विनाकारण उघडणे हा मिस्त्रीच्या दृष्टीने अपराधच होता. निदानाची शिस्त या टंचाईतून जन्मली.

त्या शिस्तीचा पहिला नियम असा की आधी काट्याचीच तपासणी करावी. चावी फिरवून तापमानाच्या सेंडरची वायर काढली म्हणजे काटा थंडाकडे गेला पाहिजे, आणि तीच वायर क्षणभर इंजिनाच्या लोखंडाला टेकवली म्हणजे तो गरमाच्या टोकाकडे चढला पाहिजे. तसा चढला तर काटा व वायर निर्दोष आणि संशय सेंडरवर किंवा खुद्द इंजिनावर. हलला नाही तर दोष पट्टीच्या बाजूस. ज्या गाड्यांत डिझेलच्या आणि तापमानाच्या मापकांना एकाच स्थिरकारक डबीतून वीज मिळे, त्यांत ते दोन्ही काटे एकाच वेळी वर चढू लागले, तर अनुभवी मिस्त्री इंजिनाकडे न वळता त्या डबीकडे वळे. सर्वांत घातक खोटेपणा मात्र याच्या उलट असे. घाटात तापत गेलेल्या गाडीचा काटा एकाएकी खाली उतरला म्हणजे नवशिक्या चालकाला हायसे वाटे. वस्तुतः पाणी इतके आटलेले असे की सेंडर पाण्याबाहेर, नुसत्या वाफेत, उघडा पडलेला असे, आणि गाडी तेथेच उभी न केल्यास हेड वाकण्यास फार अवकाश लागत नसे.

काट्यानंतर पाणी. दख्खनच्या पठारावरील विहिरींचे पाणी बव्हंशी जड, क्षारयुक्त. ते वर्षानुवर्षे रेडिएटरमध्ये ओतले गेले, त्याचे थर नळ्यांत बसले, आणि नवीन असताना घाट सहज चढणारी गाडी दहाव्या वर्षी त्याच घाटात वाफा सोडू लागली. ग्लायकॉलयुक्त कूलंट पाश्चात्त्य देशांत १९२०च्या दशकापासून विकले जात होते. परंतु ते पाणी गोठू नये म्हणून वापरायचे द्रव्य अशी समजूत असल्यामुळे उष्ण प्रदेशात त्याची गरज कोणास भासली नाही, आणि त्यातील गंजरोधक गुणाकडेही दुर्लक्ष झाले. रेडिएटरच्या टोपणाचीही अशीच उपेक्षा झाली. पुण्याच्या उंचीवर उघडे पाणी सुमारे ९८ अंश सेल्सियसला उकळते, आणि टोपणाने कोंडलेल्या दर चौरस इंचास एक पौंड दाबामागे हा उत्कलनबिंदू सुमारे तीन अंश फॅरनहाइटने वर जातो. टोपणातील रबराची चकती झिजली की हा दाब नाहीसा होई आणि पूर्ण निरोगी इंजिनही उकळे. म्हणून जाणता मिस्त्री प्रथम थंड गाडीचे टोपण काढून ती चकती पाही. मग पाणी काठोकाठ भरून इंजिन सुरू करी आणि पाण्यात अखंड बुडबुडे येतात काय हे न्याहाळी, कारण तसे बुडबुडे हे गॅस्केट उडाल्याचे चिन्ह होय. वरचा होजपाईप कढत आणि खालचा गार लागला, तर पाण्याची वाट तापमानानुसार उघडणारा थर्मोस्टॅट अडकला अथवा रेडिएटर चोंदला, हे त्याला हाताच्या स्पर्शावरून समजे.

तिसरा आधार तेल. डिझेल इंजिनाचे तेल काजळीने लवकरच काळे होते, त्यावरून काही सिद्ध होत नाही. परंतु तेल दुधाळ चहासारखे दिसले तर पाणी चेंबरात उतरले असे समजावे. शंका राहिली तर तेलाचा थेंब तापलेल्या सायलेन्सरच्या नळीवर टाकीत. निव्वळ तेल मुकाट्याने धुमसे, पाणी मिसळलेले तेल तडतडे. तेल मोजण्याच्या पट्टीवरील पातळी उतरली तर तेल जळते किंवा गळते, हे कोणीही सांगेल. पण पातळी वाढली तर? तेव्हा मिस्त्री पट्टी नाकाशी धरी, कारण आत डिझेल झिरपत असण्याचा संभव असे, आणि पातळ झालेल्या तेलाने बेअरिंगांचा घात होतो हे तो जाणून होता. तापलेल्या इंजिनात, आयडलवर, तेलाचा दाब काहीसा उतरणे स्वाभाविक. वेग वाढविल्यावरही तो न चढला तर मात्र सेंडरच्या जागी नळीचा मापक बसवून खरा दाब पाहावा, आणि मगच चेंबर खोलण्याची भाषा करावी, असा दंडक होता.

या विद्येत दोषही होते, आणि तिचा गौरव करताना ते झाकणे योग्य होणार नाही. गाडी तापली की थर्मोस्टॅट काढून फेकून द्यावा, ही प्रथा गॅरेजोगॅरेजी रूढ झाली. पण ज्या इंजिनांत थर्मोस्टॅटच उपमार्गाचे तोंड बंद करतो, त्यांत तो काढल्याने पाणी रेडिएटर टाळून पुन्हा इंजिनातच फिरते आणि ताप उलट वाढतो. इतर इंजिनेही प्रमाणाबाहेर थंड राहून डिझेल अधिक खातात आणि त्यांचे बोअर लवकर झिजतात. लिखित ज्ञान हाताशी नसलेल्या परंपरेत एक चुकीचा तोडगा किती दूरवर पसरतो, त्याचे हे उदाहरण होय. त्याच परंपरेतील खरे ज्ञानही त्याच कारणास्तव, लिहिले न गेल्यामुळे, आज लुप्त होण्याच्या मार्गावर आहे.

आजची वाहने आपला दोष संगणकाच्या सांकेतिक अंकांत सांगतात, आणि तो अंक वाचणारा तरुण तंत्रज्ञ आपल्या कामात वाकबगार असतो. परंतु तो अंकही अखेर कोणा सेन्सरचीच जबानी असते, आणि सेन्सर आजही बिघडतात. काटा, पाणी आणि तेल यांची साक्ष परस्परांशी ताडून पाहिल्यावाचून इंजिन उघडू नये, हा मॅटाडोरच्या पिढीतील मिस्त्र्यांचा निर्णय नव्या यंत्रांनाही जसाच्या तसा लागू पडतो. त्या पिढीतील पुष्कळ माणसे अद्याप आपल्यात आहेत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी आपल्या विद्यार्थ्यांना त्यांच्याकडे वही घेऊन पाठवावे, त्यांची तपासाची पद्धती त्यांच्याच शब्दांत टिपून घ्यावी, तीतील चुका शास्त्राच्या कसोटीवर वेगळ्या काढाव्यात आणि उरलेले ज्ञान पाठ्यपुस्तकात दाखल करावे. हे काम पुढच्या पिढीवर सोपविता येणार नाही. ते आपणच, आणि लवकर, केले पाहिजे.