उद्गारचिन्ह टाका, नंबर येईल

सावेडीतली पोरं-पोरी कॉम्प्युटरची डिग्री घेतात आणि पुण्याची गाडी धरतात. का जाता, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं: नोकऱ्या तिकडे आहेत. ते खरंच आहे. पण आज मला त्यामागची दुसरी गोष्ट सांगायचीय. पुण्यात आपल्याहून थोडं जास्त येणारी माणसं भेटतात. अडलं की विचारता येतं, आणि कुठे जागा निघाली की ती आपलं नाव सुचवतात. सॉफ्टवेअरचा इतिहास म्हटलं की आपण मशीन आणि कंपन्या मोजतो. मला तो निम्मा तरी अशा माणसांच्या जमण्याचा वाटतो.

गोष्ट जुनी आहे. १९५५ साली लॉस एंजेलिसमध्ये आयबीएमची महागडी मशीन वापरणाऱ्यांनी 'शेअर' नावाचा गट काढला. त्यात विमानं बनवणाऱ्या कंपन्या होत्या, एकमेकींच्या चक्क स्पर्धक. पण मशीनसोबत तयार सॉफ्टवेअर फारसं येत नव्हतं आणि तेच ते प्रोग्रॅम प्रत्येकाने वेगळे लिहीत बसणं परवडेना. मग काय, बसले एकत्र! आपल्याकडे १९६५ मध्ये कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडिया उभी राहिली. पहिले अध्यक्ष प्रा. आर. नरसिंहन, मुंबईच्या टीआयएफआरमध्ये टिफ्रॅक हा संगणक ज्यांच्या गटाने बांधला ते. पण ही सगळी संस्थांमधली मोठी मंडळी. कॉलेजच्या पोराला तिथे कोण विचारणार?

पोरांसाठी दार उघडलं ते लिनक्सने. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने ते सुरू केलं. फुकट, आणि आतलं सगळं उघडं. अडचण एवढीच, की आणायचं कसं? भारतात लोकांसाठी इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ ला, व्हीएसएनएलचं. हिशोब करून बघा: २८.८ केबीपीएसच्या मोडेमवर ६५० एमबीची एक सीडी उतरवायची तर सलग पन्नास तास, तेही लाइन मध्येच तुटली नाही तर. म्हणून मार्च १९९६ मध्ये पीसीक्वेस्ट मासिकाने अंकासोबत लिनक्सची सीडी दिली, ती एवढी मोठी गोष्ट ठरली. एकाने सीडी मिळवायची, बाकीच्यांनी कॉपी करून घ्यायची. आणि सीडी मागायला गेलं की ओळख व्हायचीच. साउंड कार्ड चालेना, मराठी अक्षरं दिसेनात, असं काहीतरी अडलेलं असायचंच.

यातूनच गावोगावी लिनक्स यूजर्स ग्रुप झाले. पुण्याचा 'प्लग' त्यातला एक. मॉडेल कॉलनीत सिम्बायोसिसच्या कॉम्प्युटर संस्थेत २००३ पासून 'ग्नूनिफाय' हा मेळावाही भरायला लागला. अशा ठिकाणी भाषण संपल्यावर खरी मजा असते. बाहेर चहा घेता घेता नामांकित कंपनीतला माणूस दुसऱ्या वर्षाच्या पोराला एरर समजावून सांगतो, आणि कुणी कुणाचा मार्कांचा कागद मागत नाही.

पण ती खोली मॉडेल कॉलनीत होती. नगरहून शनिवारी जायचं म्हणजे एसटीचं भाडं, परतीची घाई, आणि मुलगी असेल तर घरी दहा प्रश्न. लहान शहरातल्यांनी काय करायचं? याचं मला सापडलेलं सगळ्यात चांगलं उत्तर महाराष्ट्राबाहेरचं आहे, म्हणून थोडं लांब नेतो तुम्हाला.

पश्चिम बंगालमधलं दुर्गापूर. पोलादाच्या कारखान्याचं गाव. तिथे २००४ मध्ये कुशल दास यांनी लिनक्स गट सुरू केला, डीजीप्लग. पुढे ते पुण्यात रेड हॅटमध्येही होते. २००८ पासून या गटाने उन्हाळी प्रशिक्षण सुरू केलं, आयआरसीवर. म्हणजे नुसत्या टाइप केलेल्या ओळी. चेहरा नाही, आवाज नाही, त्यामुळे रडतखडत चालणाऱ्या नेटवरही वर्ग भरायचा.

आणि नियम बघा. सुरुवातीला हजेरी, प्रत्येकाने आपलं नाव टाइप करायचं. प्रश्न असेल तर थेट विचारायचा नाही. फक्त एक उद्गारचिन्ह टाकायचं आणि नंबरची वाट बघायची. 'यू'साठी नुसतं एक अक्षर टाइप केलं की टोकायचे, शब्द पूर्ण लिहा म्हणून. कोडच्या आधी संवाद कसा करायचा, प्रश्न कसा विचारायचा, हे शिकवायचे.

आपल्याला वाटेल, काय शाळा लावलीय! मला मात्र ते उद्गारचिन्ह फार हुशारीचं वाटतं. वर्गात जो मोठ्याने बोलतो त्याचीच शंका फिटते, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. इथे इंग्रजी अडखळत बोलणाऱ्याचा नंबरही तेवढाच पक्का. शिवाय दुसऱ्याचा प्रश्न सगळ्यांसमोर येतो, आणि कळतं की हे फक्त मलाच येत नाही असं नाही.

भाषेची भिंत आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल'ने थोडी पाडली. प्रा. कन्नन मौद्गल्य यांचा हा प्रकल्प: स्क्रीनवर इंग्रजीच, पण आवाज मराठीत. अर्ध्या स्क्रीनवर बघायचं, अर्ध्यावर करून बघायचं. छान चालतं. पण व्हिडिओ तुम्हाला ओळखत नाही.

आणि आज तर एरर एआयला चिकटवली की दहा सेकंदात उत्तर. मीही तेच करतो, खोटं कशाला बोलू! पण त्या दहा सेकंदांत कुणालाच कळत नाही की सावेडीत एक मुलगी रोज रात्री डेटाबेसशी झुंजतेय. जुन्या पद्धतीत उत्तराला दोन दिवस लागायचे, पण तेवढ्यात चार माणसांना तुमचं नाव माहीत व्हायचं. सीडीचा तुटवडा संपला, नेटचा संपला. नाव माहीत असणाऱ्या माणसांचा तुटवडा नगरात अजून आहेच.

जागेचा मात्र नाही. सावेडीत अभ्यासिका आहेत; एमपीएससीवाले तिथे एकमेकांची टेस्ट घेतात, नोट्स वाटतात, चहाला गेले की चालू घडामोडींवर भांडतात. त्याच टेबलांवर शनिवारी चार लॅपटॉप उघडून एकमेकांचा कोड वाचायला काय हरकत आहे? तुमच्यापैकी कुणी नगरात, श्रीरामपूरला, संगमनेरला असं काही चालवत असेल तर व्हॉइस नोट पाठवा. किती जण येतात आणि तिसऱ्या आठवड्यात किती उरतात, तेही सांगा. पुढच्या भागात ऐकवतो.