झाटोपेक नावाचे ध्यान

धावणारा माणूस दिसायलाही देखणा असावा, अशी आपली एक भाबडी समजूत असते. चेकोस्लोव्हाकियाच्या एमिल झाटोपेकने ती पार मोडीत काढली. मान खांद्यावर कललेली, जीभ बाहेर, तोंड असे पिळवटलेले की आता हा कोसळणार! मला मात्र हे ध्यान फार आवडते. धावणे हे कष्टाचे काम. ते लपवायचे कशाला?

सुताराचा हा मुलगा झ्लीन गावी बाटाच्या जोड्यांच्या कारखान्यात कामाला होता. १९४१ साली तिथल्या व्यायामशिक्षकाने त्याला शर्यतीत धावण्याचा हुकूम सोडला. प्रकृतीची सबब सांगून स्वारीने अंग काढून घेऊ पाहिले. पण डॉक्टरांनी ठणठणीत असल्याचा निर्वाळा दिला! शंभर जणांत तो दुसरा आला, आणि मग त्याला ते वेडच लागले. ४०० मीटर जोरात धावायचे, थोडे सावकाश, की पुन्हा ४०० जोरात. असे दिवसातून कितीतरी वेळा. लष्करात गेल्यावर जड बूट घालून, बर्फातूनही. टबात धुणे भिजत घालून त्यावर तो जागच्या जागी धावे, असेही सांगतात. (वाचक भगिनींनी हा व्यायाम घरी सुचवून पाहायला हरकत नाही.)

१९४८ साली लंडनला त्याने १०,००० मीटरचे सुवर्णपदक मिळवले. पण खरी कमाल झाली १९५२ मध्ये, हेलसिंकीला. आपल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक जिंकले, तेच हे ऑलिंपिक. झाटोपेकने १०,००० मीटर जिंकले, मग ५,००० मीटर. त्याच दिवशी त्याची बायको दाना हिने भालाफेकीत सुवर्णपदक पटकावले. दोघांची जन्मतारीखही एकच, १९ सप्टेंबर १९२२!

एवढ्यावर भागले नाही. जन्मात कधी न धावलेल्या मॅरेथॉनला हा उभा राहिला. वाटेत त्याने इंग्लंडच्या जिम पीटर्सला विचारले, हा वेग बरा आहे ना? पीटर्सने थट्टेने म्हणा, रागाने म्हणा, वेग फारच कमी असल्याचे सांगितले. याने ते खरे मानले आणि पुढे निघून गेला. पीटर्सला शर्यत अर्धवट सोडावी लागली. झाटोपेक २ तास २३ मिनिटांत पोचला. दुसरा धावपटू आला तो अडीच मिनिटांनी. आठ दिवसांत तीन सुवर्णपदके!

१९५६ मध्ये मेलबर्नला मात्र, हर्नियाच्या शस्त्रक्रियेनंतर लवकरच धावलेला झाटोपेक मॅरेथॉनमध्ये सहावा आला. जिंकला त्याचा जुना प्रतिस्पर्धी, फ्रान्सचा मिमून. तो वाट पाहत उभा होता. झाटोपेकने त्याला आधी सलाम ठोकला, मग मिठी मारली.

१९६८ साली प्रागमध्ये रशियन रणगाडे शिरले. कर्नल झाटोपेक उघडपणे सुधारणावाद्यांच्या बाजूने उभा राहिला. हुद्दा गेला, पक्षातून हकालपट्टी झाली, आणि भूगर्भाचा शोध घेणाऱ्या तुकडीबरोबर रानोमाळ मजुरी करण्याची पाळी आली. पुढे दडपणाखाली त्याने आपले शब्द मागे घेतले. त्याबद्दल त्याला नावे ठेवणारेही आहेत. मला ते धाडस होत नाही. १९९० मध्ये त्याची प्रतिष्ठा त्याला परत मिळाली.

२००० साली तो वारला, तेव्हा त्याच्या चार सुवर्णपदकांपैकी एक घरात नव्हते. अनेक विश्वविक्रम करूनही ऑलिंपिकचे सुवर्ण कधीच न लाभलेला ऑस्ट्रेलियाचा रॉन क्लार्क १९६६ मध्ये प्रागला आला होता. निरोप देताना झाटोपेकने त्याच्या हातात एक लहानशी पुडी ठेवली. क्लार्कने नंतर ती सोडून पाहिली. आत हेलसिंकीचे १०,००० मीटरचे पदक होते.