डीबी1 की डीबी2

31 जानेवारी 2017, मंगळवार. सगळ्या वेळा यूटीसीच्या. भारतातलं घड्याळ साडेपाच तास पुढे.

17:20
कोड साठवणाऱ्या गिटलॅब डॉट कॉम या साइटचा एक इंजिनिअर चालू डेटाबेसचा एलव्हीएम स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची प्रत, घेतो. असा स्नॅपशॉट 24 तासांतून एकदा आपोआप निघतोच. आज त्याला स्टेजिंगवर, म्हणजे चाचणीच्या सर्व्हरवर, ताजा डेटा हवा आहे, म्हणून हा जादाचा. बॅकअप घ्यावा असा काही हेतू त्यामागे नाही.

19:00
डेटाबेसवरचा ताण वाढू लागतो. संशय स्पॅमवर. गैरवापराच्या तक्रारीवरून गिटलॅबच्याच एका कर्मचाऱ्याचं खातं चुकून पुसायला घेतलं गेलं होतं आणि काही ताण त्याचाही होता, हे नंतर कळलं.

23:00
मुख्य सर्व्हर डीबी1. त्याची सतत नक्कल ठेवणारा डीबी2 आता मागे पडला आहे. त्याला हव्या असलेल्या वॉल फाइली, म्हणजे डेटाबेसमधल्या बदलांच्या नोंदी, डीबी1 ने जागा मोकळी करताना काढून टाकल्यात. त्या वेगळ्या साठवून ठेवायची सोय सुरूच केलेली नव्हती. उपाय एकच: डीबी2 ची डेटा डिरेक्टरी रिकामी करायची आणि पीजी_बेसबॅकअप या कमांडने डीबी1 वरून सगळं नव्याने आणायचं.

रात्र झाली, आता थांबतो, असं हा इंजिनिअर आधी म्हणाला होता. तो थांबत नाही.

कमांड अडते: मॅक्स_वॉल_सेंडर्स, म्हणजे नक्कल पाठवणाऱ्या जोडण्यांची मर्यादा, कमी आहे. तो आकडा वाढवून डीबी1 रीस्टार्ट केला, तर त्यावरचा डेटाबेस, पोस्टग्रेस, उठायलाच तयार नाही. मॅक्स_कनेक्शन्स 8000 वर आहे. ते 2000 वर आणल्यावर उठतो. पुन्हा पीजी_बेसबॅकअप. या वेळी एरर नाही, प्रगतीचा आकडा नाही, काहीच नाही.

मुख्य सर्व्हरकडून डेटा येऊ लागेपर्यंत ही कमांड गप्प बसून राहते. तिचं वागणंच तसं आहे. टीममधल्या दुसऱ्या एकाला हे ठाऊकही होतं. रनबुकमध्ये, म्हणजे टीमच्या सूचनावहीत, ते कुणी लिहिलेलं नव्हतं.

23:30 च्या सुमारास
आधीच्या प्रयत्नातल्या फाइली डिरेक्टरीत उरल्या असतील, म्हणून कमांड अडली असेल, असा त्याचा तर्क. तो आरएम -आरएफ ही न विचारता सगळं पुसणारी कमांड चालवतो. एक-दोन सेकंदांत लक्षात येतं की टर्मिनल डीबी1 चं आहे. तो कमांड तोडतो. सुमारे 300 जीबीपैकी साडेचार जीबी शिल्लक.

आधी होस्टनेम टाइप करून पाहायला एक सेकंद लागला असता. आरएमऐवजी एमव्हीने डिरेक्टरीचं फक्त नाव बदललं असतं, तर ते परतही बदलता आलं असतं. पण थकलेल्या माणसाच्या त्या दोन सेकंदांपेक्षा मला पुढचं जास्त गंभीर वाटतं.

मध्यरात्रीनंतर
बॅकअपची शोधाशोध. रोजचा डम्प ॲमेझॉनच्या एस3 वर जातो, असं सगळे धरून चाललेत. तिथे काहीही नाही.

डेटाबेस पोस्टग्रेस 9.6. बॅकअप ज्या सर्व्हरवरून चाले, तिथे डेटा डिरेक्टरीच नसल्याने आवृत्ती ओळखता येत नव्हती आणि डम्प काढणारा पीजी_डम्प 9.2 चा वापरला जाई. आवृत्ती जुळत नाही म्हणून तो दर वेळी एरर देऊन थांबे. ठरल्या वेळी कामं चालवणारा क्रॉन त्या एररची मेल पाठवत होता. मेलवर सही नव्हती, त्यामुळे बनावट मेल अडवणाऱ्या डीमार्कच्या नियमानुसार ती नाकारली जाई. इशारा रोज निघत होता, पोचत नव्हता. आणि मेल येत नाही म्हणजे बॅकअप नीट चाललाय, असा समज होता. एस3 वर काय पडलंय, हे पाहायचं काम कुणाच्याच नावावर नव्हतं.

सर्व्हर ज्या क्लाउडवर होते, त्या अझ्युरचे डिस्क स्नॅपशॉट? डेटाबेस सर्व्हरसाठी ते सुरूच केलेले नव्हते.

उरला 17:20 चा स्नॅपशॉट.

1 फेब्रुवारी
स्टेजिंगवरचा डेटा परत प्रॉडक्शनवर, म्हणजे चालू सर्व्हरवर, आणायला सुरुवात. स्टेजिंगच्या डिस्क संथ. वेग सेकंदाला सुमारे 60 मेगाबिट. गिटलॅब हे काम यूट्यूबवर थेट दाखवतं. कारणं, वेळा, चुका सगळं उघड लिहितं, इंजिनिअरचं नाव मात्र पुढे करत नाही. प्रॉडक्शनच्या टर्मिनलचा प्रॉम्प्ट लाल आणि स्टेजिंगचा पिवळा करावा, ही सूचनाही त्याच नोंदींत आहे.

18:14
साइट पुन्हा सुरू. गिट रिपॉझिटरी शाबूत आहेत. 17:20 नंतरच्या डेटाबेसमधल्या नोंदी गेल्या: अंदाजे 5000 प्रोजेक्ट, 5000 कॉमेंट, 700 नवी खाती.