औषध चाचण्यांची सार्वजनिक नोंदवही: व्हॉट्सॲपवरचा दावा तिथे कसा तपासायचा?

‘परदेशात चाचणी सुरू, आता मधुमेह कायमचा बरा होणार’ अशा धाटणीचे संदेश घरच्या ग्रुपवर नेहमी येतात. कधी सोबत एक क्रमांकही असतो आणि तो पाहून संदेश खरा वाटू लागतो. हा क्रमांक बहुधा चाचणी नोंदवहीतला असतो. ही नोंदवही कोणालाही विनामूल्य उघडता येते आणि ती वाचायला डॉक्टर असावे लागत नाही. फक्त त्यातली नोंद काय सांगते आणि काय सांगत नाही, हे ठाऊक हवे.

ही नोंदवही आली कुठून?

जगातली सर्वात मोठी चाचणी नोंदवही म्हणजे ‘क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह’. अमेरिकेच्या १९९७ च्या कायद्यानुसार ती तयार झाली आणि फेब्रुवारी २००० मध्ये सर्वांसाठी खुली झाली. तिथले राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालय ती चालवते. आज तिच्यात पाच लाखांहून अधिक अभ्यासांची नोंद आहे आणि त्यात भारतासह अनेक देशांतले अभ्यास आहेत.

नोंदणीची गरज पडली ती दडवादडवीमुळे. औषध कंपनीने पाच चाचण्या करायच्या, अनुकूल निघालेल्या दोन छापायच्या आणि बाकीच्या कपाटात ठेवायच्या, हे शक्य होते. २००४ मध्ये न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलनी ग्लॅक्सोस्मिथक्लाइन कंपनीवर खटला भरला. ‘पॅक्सिल’ या नैराश्यावरच्या औषधाच्या मुलांवरील प्रतिकूल चाचण्या दडवल्याचा आरोप त्यात होता. खटला तडजोडीने मिटला आणि चाचण्यांचे सारांश जाहीर करण्याचे कंपनीने मान्य केले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये प्रमुख वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी जाहीर केले, की पहिला सहभागी घेण्याआधी नोंदणी झाली नसेल तर त्या चाचणीचा निबंध छापला जाणार नाही. कायद्यापेक्षा या अटीचा धाक मोठा ठरला.

शोध कसा घ्यायचा?

संदेशात क्रमांक असेल तर काम सोपे. ‘एनसीटी’ ही तीन रोमन अक्षरे आणि पुढे आठ आकडे, एवढे शोधपेटीत टाकले की थेट नोंद उघडते. क्रमांक नसेल तर आजार, उपचार आणि ठिकाण असे वेगवेगळे रकाने भरता येतात. सगळे शब्द एकाच रकान्यात कोंबण्यापेक्षा आजाराचे नाव आजाराच्या आणि औषधाचे नाव उपचाराच्या रकान्यात टाकल्यास निकाल नेमके येतात.

संकेतस्थळ इंग्रजीत आहे, पण रोगाचे शास्त्रीय नाव पाठ असण्याची गरज नाही. ‘हार्ट अटॅक’ टाकले तरी ‘मायोकार्डियल इन्फार्क्शन’ असे लिहिलेले अभ्यासही समोर येतात. आपल्याकडच्या वनस्पतींच्या बाबतीत मात्र इतके विसंबून राहू नये. गुळवेल रोमन लिपीत टाकून हाती काही लागले नाही, तर गिलोय, गुडूची आणि ‘टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया’ अशी तिन्ही नावे वापरून पाहावीत. हळदीचे प्रकरण आणखी फसवे आहे. संदेश हळदीच्या दुधाचा असतो आणि चाचणी निघते ‘करक्यूमिन’च्या कॅप्सूलची. करक्यूमिन हा हळदीतला एक घटक. तो वेगळा काढून ठराविक मात्रेत दिला, तर त्या चाचणीवरून स्वयंपाकघरातल्या चमचाभर हळदीबद्दल काही ठरत नाही.

फिल्टर कुठला लावायचा?

मधुमेहासारखा शब्द टाकला की हजारो नोंदी येतात. तिथून पुढे फिल्टरचे काम. वय, लिंग, देश, टप्पा, पैसा कोणाचा, निकाल जोडले आहेत की नाही, असे बरेच फिल्टर आहेत. पण दावा तपासणाऱ्याने आधी अभ्यासाचा प्रकार आणि स्थिती पाहावी.

प्रकार मुख्यतः दोन. ‘इंटरव्हेन्शनल’ म्हणजे संशोधकांनी सहभागींना ठरवून उपचार दिला. ‘ऑब्झर्व्हेशनल’ म्हणजे लोक जे करत होते ते करू दिले आणि नुसती नोंद ठेवली. दुसऱ्या प्रकारातून ‘अमुक खाल्ल्याने तमुक बरे होते’ असे सहसा ठामपणे सांगता येत नाही. टप्प्याचेही तसेच. पहिल्या टप्प्यात थोड्या माणसांवर मुख्यतः सुरक्षितता पाहतात, तर औषध खरेच लागू पडते का याची मोठी परीक्षा तिसऱ्या टप्प्यात होते. योग, आहार किंवा उपकरणांच्या अभ्यासात टप्प्यासमोर ‘लागू नाही’ असे दिसते. तो दोष नव्हे, टप्प्यांची ती पद्धत औषधांसाठीच आहे.

खरी गफलत होते ती स्थितीच्या रकान्यात. ‘रिक्रूटिंग’ म्हणजे अजून माणसे घेणे चालू आहे. साहजिकच अशा चाचणीचा शेवटचा निकाल अजून कोणाकडेच नसतो, आणि ‘सिद्ध झाले’ म्हणणारा संदेश तिथेच पडतो. ‘कम्प्लीटेड’ म्हणजे चाचणी ठरल्याप्रमाणे संपली. ती यशस्वी झाली असा अर्थ त्यात नाही, औषध निरुपयोगी ठरले तरी स्थिती ‘कम्प्लीटेड’च दिसते. ‘टर्मिनेटेड’ म्हणजे मध्येच कायमची थांबवली, आणि ‘विथड्रॉन’ म्हणजे एकही माणूस न घेता गुंडाळली. ‘अननोन’ अशी स्थिती असेल तर संपण्याची तारीख उलटून गेली आहे आणि दोन वर्षांत कोणी माहिती ताजी केलेली नाही, असे समजावे.

शेजारीच सहभागींचा आकडा असतो. त्यापुढे ‘एस्टिमेटेड’ की ‘ॲक्चुअल’, हा शब्द जरूर वाचावा. ‘दोन हजार रुग्णांवर प्रयोग’ या बातमीतले दोन हजार पुष्कळदा नुसते अपेक्षित असतात.

निकाल जोडलेले नसतील तर लगेच संशय घेऊ नये. अमेरिकी कायद्याखाली येणाऱ्या चाचण्यांचे निकाल मुख्य टप्पा संपल्यापासून साधारण एका वर्षात द्यावे लागतात, पण हे बंधन सगळ्याच नोंदींना नाही. निबंध स्वतंत्रपणे छापून आलेला असू शकतो. वैद्यकीय निबंधांच्या ‘पबमेड’ या सूचीत तोच क्रमांक टाकून पाहावे.

नोंद आहे म्हणजे मान्यता आहे का?

नाही. नोंद चाचणी करणाराच भरतो. नोंदीला सरकारची शिफारस समजू नये, असा खुलासा संकेतस्थळ स्वतःच करते. तो न वाचण्याची किंमत काही जणांनी डोळ्यांनी मोजली आहे. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात एका खासगी क्लिनिकने तीन वयस्कर स्त्रियांच्या दोन्ही डोळ्यांत त्यांच्याच चरबीतून काढलेल्या ‘स्टेम सेल’ टोचल्या. प्रत्येकीने ५,००० डॉलर भरले होते. आपण वैद्यकीय चाचणीत भाग घेत आहोत, अशी निदान एकीची समजूत होती. त्या नावाची चाचणी नोंदवहीत होतीही, पण पुढे तिची स्थिती ‘विथड्रॉन’ दिसत होती. तिघींचीही दृष्टी गेली किंवा अतिशय अधू झाली. मार्च २०१७ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने हे प्रकरण प्रसिद्ध केले.

भारतात आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार संशोधनाचा खर्च सहभागीकडून घेता येत नाही. ‘आमच्या चाचणीत या, पॅकेज एवढ्या लाखांचे’ असे कोणी सांगत असेल, तर नोंदणी क्रमांक कितीही खरा असला तरी तिथून उठलेले बरे.

जुनी पाने उलटता येतात

नोंद वाचणारे सहसा पहिल्या पानावरच थांबतात. खरी गंमत ‘रेकॉर्ड हिस्टरी’ या भागात आहे. नोंदीत झालेला प्रत्येक बदल तारखेसह तिथे राहतो आणि जुनी व नवी आवृत्ती समोरासमोर ठेवून पाहता येते. कोविडच्या काळात रेमडेसिव्हिरच्या अमेरिकी चाचणीत (क्रमांक एनसीटी०४२८०७०५) मुख्य कसोटी बदलली गेली. आधी पंधराव्या दिवशीची रुग्णाची अवस्था मोजायची होती, नंतर बरे व्हायला लागणारे दिवस मोजायचे ठरले. एप्रिल २०२० मध्ये हा बदल नोंदीत दिसला आणि महिना संपायच्या आत निकालाची घोषणा झाली. उपचारांचे आकडे न पाहताच बदल केला, असे संशोधकांचे स्पष्टीकरण होते. ते पटो वा न पटो, प्रश्न विचारता आला तो नोंदवहीमुळे.

भारतातली नोंदवही

देशातल्या चाचण्यांसाठी ‘सीटीआरआय’ ही आयसीएमआरची नोंदवही जुलै २००७ पासून आहे. औषध महानियंत्रकांच्या आदेशाने १५ जून २००९ पासून नोंदणी सक्तीची झाली. आयुर्वेदाच्या चाचण्या शोधायच्या तर आधी इथेच यावे. क्रमांकातच वर्ष आणि महिना असतो, त्यामुळे ‘ताजे संशोधन’ म्हणून फिरणारी दहा वर्षांपूर्वीची नोंद लगेच ओळखता येते.

नोंदीच्या वरच्या भागात ती चाचणी सुरू होण्याआधी केली की नंतर, हे लिहिलेले असते. नंतर केलेल्या नोंदी १ एप्रिल २०१८ पासून स्वीकारल्या जात नाहीत, पण त्याआधीच्या बऱ्याच सापडतात. त्या वाचताना हात राखून विश्वास ठेवावा. हा अभ्यास पदव्युत्तर प्रबंधाचा भाग आहे का, असाही एक रकाना आहे. तिथे ‘येस’ असेल आणि सहभागी पन्नास-साठच असतील, तर ते एका विद्यार्थ्याचे प्रामाणिक काम असू शकते, ‘भारतीय शास्त्रज्ञांचा क्रांतिकारी शोध’ मात्र नक्कीच नव्हे.

पुणे, नागपूर किंवा मुंबईतल्या एखाद्या रुग्णालयाने चाचणीत भाग घेण्याविषयी विचारले असेल, तर नोंदीत ‘साइट्स ऑफ स्टडी’खाली त्या रुग्णालयाचे नाव आहे का ते पाहावे. त्याखाली नैतिक समितीच्या मंजुरीची स्थिती आणि औषध महानियंत्रकांच्या परवानगीचा तपशील असतो. कोणाला घेणार आणि कोणाला नाही, याचे निकषही तिथेच दिलेले असतात. संमतीपत्रावर सही करण्याआधी ते पान छापून घरच्या डॉक्टरांना दाखवता येते.