बंदराच्या चिखलातले जीव

आपल्या गटांतल्या कितीतरी जणी गांडूळखत करतात. गांडूळ माती खालीवर करतो म्हणून जमीन जिवंत राहते, हे तुम्हाला काय सांगायचं! मुंबई बंदराच्या तळाच्या चिखलातही असेच किडे राहतात. त्यांच्या बिळांतून चिखलात पाणी खेळतं, सडका गाळ ते खातात आणि त्यांना मासे, खेकडे, पक्षी खातात.

यातला एक जीव भारी खोडकर. दिसायला अळी, पण जात शिंपल्याची. पाण्यातलं लाकूड तो वाळवीसारखा पोखरतो. वाहून आलेले ओंडके तोच संपवतो, ते चांगलंच. पण जहाजही त्याला लाकूडच की! इंग्रज जहाजांच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकत ते याच्याच धाकाने. साग मात्र त्याला लवकर दाद देत नाही. सुरतेहून १७३६ च्या सुमारास आलेल्या लवजी नसरवानजी वाडियांच्या घराण्याने मुंबईच्या गोदीत सागाची जहाजं बांधली. १८१७ चं ‘त्रिंकोमाली’ इंग्लंडात हार्टलपूलला अजून पाण्यावर आहे. तो साग मलबारचा, आपल्याकडचा नव्हे.

पुढे प्रिन्स डॉक खोदताना चिखलाखाली खैराची झाडं सापडली, कित्येक तर उभीच! चिखलाने पुरतं झाकलेल्या लाकडापर्यंत हा पोखरणारा पोचत नाही. तो डॉक १८८० मध्ये सुरू झाला, व्हिक्टोरिया डॉक १८८८ मध्ये, अलेक्झांड्रा १९१४ मध्ये. आपल्या वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदरातूनच विलायतेला जाई.

कापसाच्या गाठी मोजल्या गेल्या. ओहोटीला चिखलात उतरून शिवल्या वेचणाऱ्या, खडकावरची कालवं फोडून काढणाऱ्या कोळणींची टोपली कोण मोजणार? आपल्या मोहफुलं वेचणाऱ्या बायांचंही तसंच. जिथे भराव पडला, तिथली वेचायची जागा गेली.

शिवल्या आणि कालवं पाणी गाळून त्यातलं बारीक अन्न खातात. त्यामुळे पाणी निवळतं, पण शहराच्या सांडपाण्यातली घाणही त्यांच्या अंगात साठते. अशा पाण्यातला माल गिऱ्हाईक घ्यायला कचरतं, आणि त्याचा फटका वेचणारीला बसतो.

याच बंदराला मिळणाऱ्या ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर यादीत जागा मिळाली. नाव झालं ते फ्लेमिंगोंचं. त्यातला मोठ्या जातीचा फ्लेमिंगो चोच उलटी करून चिखल चाळतो आणि हेच बारीक जीव टिपून खातो.