हार्लीची सोडचिठ्ठी

कॉमिक्समधला खलनायक म्हटला की आधी पुस्तक, मग कार्टून, मग सिनेमा अशी वरात निघते. हार्ली क्विनची वरात मात्र उलटी निघाली. बाई आल्या थेट टीव्हीवरून!

११ सप्टेंबर १९९२. 'बॅटमॅन: द ॲनिमेटेड सिरीज'चा 'जोकर्स फेवर' हा भाग. लेखक पॉल डिनी. जोकरच्या टोळीत एखादी बाई हवी, एवढीच गरज. डिनीची कॉलेजातली मैत्रीण आर्लीन सॉर्किन 'डेज ऑफ अवर लाइव्ह्ज' या मालिकेत एका स्वप्नदृश्यात विदूषकाच्या वेषात दिसली होती. ते त्याच्या डोक्यात बसलं. ब्रूस टिमने लाल-काळा वेष चितारला आणि आवाज अर्थात आर्लीनचाच. एका भागापुरती आलेली ही पाहुणी लोकांना आवडली आणि मुक्कामालाच राहिली. १९९३ मध्ये ती कॉमिक्समध्येही शिरली.

१९९४ मध्ये डिनी-टिम जोडीने 'मॅड लव्ह' हे कॉमिक काढलं, त्याला आयस्नर पुरस्कारही मिळाला. त्यात कळतं की ही मूळची डॉ. हार्लीन क्विंझेल, अर्काम असायलममधली मानसोपचारतज्ज्ञ. जोकर तिचा पेशंट. बापाने कसं मारलं याच्या कहाण्या तो रचून सांगतो आणि ही विरघळते. पुढे ती बॅटमॅनला जवळजवळ संपवते, तर जोकर आनंदायच्या ऐवजी चिडतो आणि तिला खिडकीतून ढकलून देतो! खाली जखमी पडलेली हार्ली काय म्हणते? तर चूक माझीच. शेवटी तिचे डोळे उघडतायत असं वाटतं, तोच एक फूल दिसतं, सोबत जोकरची चिठ्ठी, लवकर बरी हो म्हणून. झालं! बाई परत विरघळल्या.

इथे मला हसू येत नाही. 'तो मनाने वाईट नाही हो' हे वाक्य आपण काय फक्त गॉथममध्ये ऐकलंय?

म्हणून २९ नोव्हेंबर २०१९ ला सुरू झालेली 'हार्ली क्विन' ही मालिका मला महत्त्वाची वाटते. कार्टून असलं तरी ते मोठ्यांचं आहे बरं का. शिव्या आणि रक्त दोन्ही मुबलक. (पोराटोरांसमोर लावू नका!) आवाज केली क्वोकोचा. जोकर हिला बॅटमॅनच्या हाती सोडून पळतो, ही अर्काममध्ये वर्षभर वाट बघते. पॉयझन आयव्ही ही मैत्रीण तिला खरं काय ते दाखवते आणि पहिल्याच भागात फारकत होते. पुढे स्वतःची टोळी, आणि आयव्हीशीच प्रेम. जोकरलाही नंतर चक्क संसारी माणूस करून टाकलाय. ते मला फारसं पटत नाही. मार खाल्लेलीला सावरायला इतके भाग लागतात आणि मारणारा इतक्या झटपट सुधारतो?

आर्लीन सॉर्किन ऑगस्ट २०२३ मध्ये गेली. एका भागापुरता दिलेला तिचा आवाज किती लांब पोचला!

जोकरच्या त्या चिठ्ठीपासून हार्लीच्या सोडचिठ्ठीपर्यंत २५ वर्षं लागली. कार्टूनमधल्या बाईला, बरं का. खऱ्या बायकांचा हिशेब कोण ठेवतो...