गूळ, कालवा आणि पुणे : मांजरीच्या निमित्ताने

मित्रहो, या मालिकेतल्या मागच्या व्याख्यानांमध्ये आपण पुण्याच्या पेठांबद्दल बोललो. आज शहराच्या पूर्वेला जायचं आहे. सोलापूर रस्त्याने हडपसर ओलांडलं की 'पंधरा नंबर' लागतो आणि पुढे 'मांजरी फार्म' नावाचा थांबा येतो. रोज हजारो लोक तिथे चढतात-उतरतात. हा फार्म कशाचा, कधीचा, असं मात्र सहसा कुणी विचारत नाही. आपण त्या प्रश्नापासूनच सुरुवात करू.

30 जून 2021 रोजी पुणे महापालिकेत 23 गावं आली. त्यात मांजरी बुद्रुक होतं. तेव्हापासून एक वाक्य वारंवार कानावर येतं, 'शहराने गाव गिळलं.' ज्यांच्या शिवारावर आज दहा मजले उभे आहेत त्यांचं दुःख खरंच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण इतिहास म्हणून हे वाक्य अपुरं वाटतं. ते असं गृहीत धरतं की शहर आत्ता आलं आणि त्याआधी गाव आपल्या जागी, आपल्यापुरतं नांदत होतं. मांजरीच्या बाबतीत तसं नव्हतं. शहर तिथे दीडशे वर्षांपूर्वीच पोचलं होतं, आणि ते पाण्यातून पोचलं होतं.

खडकवासल्याचं धरण 1870च्या दशकात बांधलं गेलं. पुण्याला आणि लष्कराच्या छावणीला पाणी हवं होतं, आणि सरकारला कालव्याच्या पाणीपट्टीचं उत्पन्न हवं होतं. मुठा उजवा कालवा पुण्यातून हडपसर, मांजरी, लोणी काळभोरच्या दिशेने गेला. पुढे 1903 मध्ये विश्वेश्वरय्यांनी धरणावर स्वयंचलित दरवाजे बसवले आणि साठा वाढला. ज्या जमिनीत ज्वारी-बाजरी पिकायची, तिथे बारमाही पाणी आलं. पाण्याला पैसे पडायचे. ते पैसे ज्वारीतून निघत नाहीत, उसातून निघतात. तेव्हा पूर्व हवेलीतला ऊस हा पुरातन ग्रामसंस्कृतीचा अवशेष नाही. बागाईत ऊस आधीही थोडाफार होता, पण इतका मोठा ऊस हे कालव्याचं, म्हणजे पुण्याच्याच गरजेचं अपत्य आहे.

ऊस खादाड पीक. त्याला नुसतं पाणी पुरत नाही, खत लागतं. इथे शहराने दुसरी गोष्ट पुरवली, तिला सोनखत म्हणत. पुण्याच्या नगरपालिकेने संडासांतला मैला गोळा करून राखेत मिसळायचा, वाळवायचा आणि शेतकऱ्यांना विकायचा, ही व्यवस्था एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बसवली. सुरुवातीला शेतकरी ते हातात घ्यायला तयार नव्हते. मग उसाची वाढ दिसली आणि मागणी आली.

आता हे वर्तुळ पाहा. खडकवासल्याचं पाणी पुण्यातून पुढे मांजरीला जातं, पुण्याची घाणही मांजरीकडेच जाते, आणि तिकडून गुळाच्या ढेपा बैलगाडीत बसून भवानी पेठेतल्या अडतीवर परत येतात. पेठेतली गृहिणी आमटीत चिंचेबरोबर गुळाचा खडा टाकते तेव्हा तिच्या हातून हे वर्तुळ पूर्ण होतं. सोवळ्यातल्या स्वयंपाकघराला हे ठाऊक होतं का? बहुधा असावं, पण त्याबद्दल बोलायचं नसतं.

आजकाल याला पर्यावरणस्नेही व्यवस्था म्हणून गौरवण्याचा मोह होतो. तिथे थोडं सावध राहावं. हे वर्तुळ आपोआप फिरत नव्हतं. ते डोक्यावर टोपली घेणाऱ्या सफाई कामगारांच्या जिवावर फिरत होतं, आणि ते काम जातीने वाटलेलं होतं. नगरपालिका लोकांकडून 'हलालखोर पट्टी' नावाचा कर घेत, त्यातून ही यंत्रणा चाले. गूळ सगळ्यांच्या घरात गेला, तो पिकवण्यासाठी मैला वाहणारा माणूस मात्र अंगणापलीकडेच राहिला. पुण्याच्या खाद्यसंस्कृतीचा इतिहास लिहिताना हा माणूस गाळला तर तो इतिहास खोटा ठरेल.

आता 'फार्म'कडे येऊ. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मांजरीला सरकारी शेतकी खात्याचे उसावरचे प्रयोग चालत. किती पाणी द्यावं, कोणतं खत, कोणती जात, याचा हिशेब तिथे मांडला जाई. इथला जुना ऊस 'पुंड्या'. जाड, रसाळ, दाताने सोलून खाता येणारा. पुढे कोइमतूरच्या संशोधन केंद्रातून आलेला को 419 महाराष्ट्रभर पसरला आणि पुंड्या मागे पडला. 1932 मध्ये उसाचं संशोधन नीरेच्या खोऱ्यात पाडेगावला गेलं. फार्म हे नाव मात्र मांजरीला चिकटलं ते चिकटलंच. त्याच सुमारास सासवडचे माळी शेतकरी कालव्यांच्या मागोमाग सरकत अकलूजजवळ पोचले आणि त्यांनी माळीनगरला स्वतःचा साखर कारखाना काढला. पुण्याभोवतीच्या कालव्यावर शिकलेली शेती अशी दूरवर गेली.

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे इथे एका शब्दापाशी थोडं रेंगाळतो. इंग्रजीतला 'कल्चर' हा शब्द जमीन कसण्यावरून आला, हे बहुतेकांनी ऐकलेलं असतं. आपला 'संस्कृती' हा शब्द संस्काराशी नातं सांगतो. संस्कार म्हणजे काय? चरकसंहितेत आहाराच्या संदर्भात याची फार नेमकी चर्चा आहे. पाणी, अग्नी, घुसळणं, काळ, भांडं यांच्या योगाने पदार्थात आधी नसलेला गुण आणणं, हा तिथल्या विवेचनाचा आशय. म्हणजे संस्कार ही मुळात स्वयंपाकघरातली गोष्ट आहे.

या अर्थाने गुऱ्हाळ ही संस्कृतीची शाळाच होती. चरकातून निघालेला रस काहिलीत पडतो. खाली चुलवणात त्याच उसाची वाळलेली चिपाडं जळतात. रस उकळू लागला की भेंडीच्या झाडाचं बुळबुळीत पाणी घालून मळी वर आणायची आणि काढून टाकायची. मग पाक घट्ट होत जातो. काहील नेमकी केव्हा उतरवायची, हे गुळव्या ठरवतो. थोडा पाक पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळून पाहतो, बुडबुड्यांचा आकार पाहतो. जरा लवकर उतरवलं तर गूळ चिघळतो, जरा उशीर झाला तर करपतो. हे ज्ञान पुस्तकात उतरवता येतं, पण पुस्तकातून हातात येत नाही. ते दुसऱ्या गुळव्याशेजारी उभं राहूनच मिळतं. म्हणून गुऱ्हाळं बंद पडतात तेव्हा त्या धंद्याबरोबर एक गुरुपरंपरा खंडित होते.

गुऱ्हाळाचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो. हातात पैसा येतो आणि चैत्रात गावोगावच्या यात्रा येतात. पुणे जिल्ह्यातल्या यात्रा समित्या पाडव्याच्या सुमारास नारायणगावला जाऊन तमाशाच्या फडांना सुपारी देतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांसारखी कलावंत ज्या व्यवस्थेत उभी राहिली, ती व्यवस्था तिकीट काढणाऱ्या शहरी प्रेक्षकांइतकीच पीक विकून वर्गणी देणाऱ्या शेतकऱ्यांच्या खिशावर चालायची. पिकाचं वेळापत्रक आणि कलेचं वेळापत्रक एकच होतं. जमीन विकून आलेला पैसा मोठा असतो, पण त्याला हंगाम नसतो. त्याने एखाद्या वर्षी यात्रा भव्य होते. दरवर्षी ती होईलच, याची हमी त्यात नसते.

शहरानेही काही जपलं, पण वेश बदलून. महाराष्ट्रात कुठेही जा, 'कानिफनाथ रसवंती गृह' किंवा 'नवनाथ रसवंती गृह' अशी पाटी दिसते. यातल्या अनेकांचं मूळ पुरंदर तालुक्यात, कानिफनाथाच्या गडाखालच्या बोपगाव परिसरात आहे. मांजरीहून दिवे घाट चढला की तो मुलूख सुरू होतो. रसाच्या चरकाला घुंगरू बांधलेले असतात. ती पूर्वी चरक ओढणाऱ्या बैलांच्या घुंगरांची आठवण, असं सांगतात. बैल गेले, मोटार आली, पण नाद राहिला.

गेल्या पन्नास वर्षांत मांजरीचा व्यवहार आणखी बदलला. 1975 मध्ये डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट स्थापन झाली. तीच आजची मांजरीतली वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट. 1997 मध्ये राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आलं. त्याने निवडलेल्या, विकसित केलेल्या द्राक्षांची नावं 'मांजरी नवीन', 'मांजरी मेडिका', 'मांजरी श्यामा' अशी आहेत. नाशिक-सांगलीच्या मळ्यांतही त्यामुळे आपल्या गावाचं नाव पोचलं. उपबाजारात शेतकरी आजही आपला भाजीपाला थेट किरकोळ विक्रेत्यांना देतात. उलट थेऊरचा यशवंत सहकारी साखर कारखाना दशकाहून अधिक काळ बंद आहे. उसाचं शास्त्र मांजरीत आहे आणि शेजारचं धुराडं थंड आहे, अशी ही अवस्था.

आणि ते जुनं वर्तुळ? ते तुटलं म्हणावं तर तसंही नाही. पुण्याला आता धरणाचं पाणी अधिकाधिक लागतं. म्हणून मुंढव्याच्या जॅकवेलमधून प्रक्रिया केलेलं सांडपाणी उचलून जुन्या, 'बेबी' कालव्यात सोडण्याची योजना झाली. शेतकऱ्यांची तक्रार असते की ही प्रक्रिया पुरेशी होत नाही. म्हणजे शहर पूर्वीसारखंच शेताला आपलं उष्टं देत आहे. पूर्वी त्यातून सोनं पिकतं असा अनुभव तरी होता. आज साबण, रसायनं, औषधं सगळं त्या पाण्यात येतं. देवाणघेवाण म्हणायची तर दोन्ही बाजूंना हिशेब दिसला पाहिजे. इथे घेणारा फ्लॅटमध्ये आहे आणि देणाऱ्याचं शिवार त्याच्या खिडकीतून दिसतं, तरीही दोघांना एकमेकांचा हिशेब माहीत नाही.

यातून काय निघतं? जुनं गाव परत आणा, असं आम्ही म्हणणार नाही. ते गाव कष्टाचं होतं, जातीचं होतं, आणि ते शहरानेच घडवलं होतं. पण महापालिकेत आलेल्या गावाला केवळ रस्ता, ड्रेनेज आणि पाण्याचा टँकर मागायचा हक्क असतो, असं नाही. बेबी कालव्यात स्वच्छ पाणी असावं, उपबाजाराची जागा बाजारासाठीच राहावी, उसाचं शास्त्र जिथे शिकवलं जातं त्या गावात एखादं चालतं गुऱ्हाळ असावं आणि तिथे गुळव्याला शिक्षकाचा मान व पगार मिळावा, हेही नागरी हक्कच आहेत. तुकोबांची पालखी पुण्याहून लोणी काळभोरला जाताना दरवर्षी याच रस्त्याने जाते. त्या दिवशी सोसायटीतली मंडळी आणि गावकरी एकाच कडेला उभे राहून वारकऱ्यांना पाणी-फराळ देतात. एका दिवसापुरतं जे जमतं, ते वर्षभराच्या व्यवहारात कसं आणायचं, हा प्रश्न तुमच्यासमोर ठेवतो.

इथे थांबतो. पुढच्या व्याख्यानात मुंढव्याहून नदीकाठाने वर येऊ.